सातशे सहा कॅलरींचा हिशेब

आज बोलायचं आहे चाकांच्या बुटांवर, म्हणजे स्केटिंगवर. शिराळ्यात बसून नागपंचमीबद्दल बोलावं, भाताच्या लावणीबद्दल बोलावं, हे स्केटिंग मध्येच कुठून काढलं, असं कुणाला वाटेल. पण शालेय क्रीडा स्पर्धांत हा खेळ आहे. सुट्टीच्या शिबिरात पोरी तो शिकतात आणि एकदा पाय बसला की सोडत नाहीत. दोन-दोन चाकांच्या जोड्या असतात ते क्वाड, आणि एका ओळीत चाकं असतात ते इनलाइन. वेगाच्या शर्यतीसाठी इनलाइन.

माझी मुलगी नववीत असताना या खेळाला लागली. सरावाहून आली की तिच्या वडिलांच्या फोनवरचं ॲप उघडायची आणि आकडा वाचून दाखवायची. एक दिवस म्हणाली, "आई, आज सातशे सहा कॅलरी जळल्या." मला कौतुक वाटलं. मी शेजारच्या वहिनींनाही सांगितलं. या आकड्यानं पुढे काय केलं ते सांगण्याआधी तो आला कुठून ते बघू या.

शरीराचा खर्च मोजायची एक खात्रीची रीत अशी. तोंडावर मुखवटा लावायचा आणि माणसानं प्राणवायू किती वापरला ते यंत्रानं मोजायचं. एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण ५ कॅलरी खर्च झाल्या. (आपण बोलताना कॅलरी म्हणतो, पुडक्यावर किलोकॅलरी लिहिलेलं असतं. गोष्ट एकच.) असा मुखवटा गावोगाव कुठून आणणार? म्हणून अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा मोजण्यांवरून एक मोठा तक्ता केला. तो पहिल्यांदा १९९३ साली छापला गेला आणि पुढे वेळोवेळी सुधारला. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ पट. मग कुठलं काम किती पट, ते त्यात दिलेलं आहे. बेतानं चालणं साडेतीन पट. इनलाइन स्केटिंग ताशी १४ किलोमीटरनं साडेसात पट, १७-१८ किलोमीटरनं ९.८ पट, २४ किलोमीटरनं १४ पट. बर्फावरच्या वेगाच्या शर्यतीला १३.३ पट.

मोठ्या माणसाचा बसून होणारा खर्च वजनाच्या दर किलोला तासाला साधारण १ कॅलरी धरतात. म्हणजे हिशेब सोपा: पट गुणिले वजन गुणिले तास. ॲप हेच करतं. आमच्या ॲपनं ९.८ गुणिले ७२ गुणिले १ तास असा गुणाकार करून ७०६ काढले होते. आता यात ७२ किलो कोण? तिचे वडील. फोन त्यांचा, वजन त्यांचं. पोरीचं वजन ४५. हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. घरात शिकलेली माणसं तिघं, तरीही!

दुसरी गफलत तासाची. मी एकदा मुद्दाम मैदानाच्या कठड्यावर बसून घड्याळ लावून पाहिलं. बूट चढवणं, नाड्या आवळणं, गुडघ्याच्या ढाली बांधणं, आपली पाळी येईपर्यंत उभं राहणं, पडलेल्या मैत्रिणीला उठवणं यात २० मिनिटं गेली. बूट न घालता धावणं आणि उड्या यात १५. प्रत्यक्ष चाकांवर २५ मिनिटं. ॲपला मात्र सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत सगळंच स्केटिंग.

मग कागद घेऊन बसले. मुलांच्या शरीराचा बसून होणारा खर्च वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त असतो, कारण ती वाढत असतात. १० ते १८ वर्षांच्या मुलींसाठी एक सूत्र आहे: वजनाला १३.४ नं गुणायचं आणि ६९३ मिळवायचे. ४५ किलोला ते सुमारे १२९६ येतात. हा झाला दिवसरात्र नुसतं पडून राहण्याचा खर्च. त्याला २४ नं भागलं की तासाला ५४. आता वेग. मैदानाची फेरी टेपनं मोजली, १०० मीटर भरली. तिला एका फेरीला २० सेकंद लागायचे, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, म्हणजे ९.८ पट. २५ मिनिटांचे झाले २२०. धावण्या-उड्यांना ५ पट धरून ६८. उभं राहण्याला दीड पट धरून २७. एकूण ३१५. यातल्या ५४ तर ती घरी बसून राहिली असती तरी लागल्याच असत्या. म्हणजे स्केटिंगमुळे जादा खर्च झाला साधारण २६०. कुठे ७०६ आणि कुठे २६०!

मनगटावर घड्याळ बांधलं तरी नेमकं कळेलच असं नाही. काही घड्याळं पावलं मोजतात, आणि स्केटिंगमध्ये पाऊल पडत नाही, घसरतं. मग आकडा कमी येतो. काही हृदयाचे ठोके मोजतात. वेगाच्या स्केटिंगमध्ये गुडघे वाकवून, पाठ आडवी करून खाली बसावं लागतं. त्या बैठकीत मांडीचे स्नायू सतत आवळलेले राहतात, रक्त मोकळं फिरत नाही, आणि प्राणवायूच्या मानानं ठोके जास्त पडतात. त्यात एप्रिलचं ऊन आणि पडण्याची भीती. घड्याळाला वाटतं, केवढं काम चाललंय.

मग इतकं वाकायचं तरी कशाला? हवेसाठी. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला ताकद लागते आठपट. म्हणून वाकायचं, आणि म्हणूनच पुढच्या मुलीच्या मागे चिकटून जायचं. मागचीला हवा कमी लागते. एकाच मैदानावर, एकाच वेगानं, एकाच वजनाच्या दोन पोरी, पण पुढे राहणारीचा खर्च जास्त आणि मागे राहणारीचा कमी. खडबडीत काँक्रीट, झिजलेली चाकं, थोडासा चढ यांनीही फरक पडतो. तेव्हा माझे ३१५ देखील २८० असतील नाहीतर ३६०. पण ७०६ नक्की नव्हेत.

आता त्या आकड्यानं केलं काय, ते सांगते.

कुणीतरी पोरीच्या डोक्यात भरवलं होतं की हलकं झालं की वेग वाढतो. एक किलो वजन उतरायला ढोबळ मानानं ७७०० कॅलरी लागतात, हे तिनं कुठंतरी वाचलं. सातशे सहानं भागलं. अकरा दिवसांत एक किलो! अकरा दिवस झाले, काटा हलला नाही. हलणार कसा? तिनं हिशेब तपासला नाही, ताटाला दोष दिला. आपणच जास्त खातोय, असं वाटून रात्रीची एक भाकरी बंद केली. मग दूध. मग डब्यातली चपाती मैत्रिणींना वाटायला लागली. मला म्हणायची, "शाळेत खाल्लं, आई." आणि मी भांडी घासताना रिकामा डबा बघून खूश.

तीन-चार महिन्यांत ती हलकी झाली खरी. पण फेरीचे २० सेकंद २२ वर गेले. केस विंचरताना हातात यायचे. चिडचिड. आणि तिची पाळी तीन महिने आली नव्हती. सुरू होऊन दीड वर्षच झालं होतं, पहिली वर्षं पुढे-मागे होतंच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. ही चूक माझी. डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि मग साधा प्रश्न विचारला, "ही दिवसाला काय काय खाते?" मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही.

घरी बसून दोघींनी बेरीज केली. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे १७० कॅलरी, मूठभर शेंगदाणे १६०, एक पेला म्हशीचं दूध २०० च्या वर. ती जेमतेम १४०० खात होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली १३ ते १५ वर्षांच्या मुलीची दिवसाची गरज २४०० सांगितली आहे.

खेळणाऱ्या मुलींत हे इतकं दिसतं की आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली त्याला वेगळं नाव दिलं. आपण त्याला खेळातली ऊर्जेची तूट म्हणू. खेळाला लागणारी ऊर्जा वजा गेल्यावर उरलेल्यात शरीराचं भागत नसेल, तर शरीर काटकसर करतं. आधी पाळी थांबवतं. हाडं भरणं मागे पडतं, आणि हाडं भरायचं वय हेच. मुलगी बारीक दिसायलाच हवी असंही नाही. वजन स्थिर असतानाही तूट असू शकते.

आणि शर्यतीचं म्हणाल, तर २ ऑक्टोबर २०२३ ला चीनमध्ये हांगझोऊ इथल्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदक मिळवलं. संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हीरल साधू आणि आरती कस्तुरी राज. त्याच दिवशी मुलांनाही कांस्य मिळालं, त्यांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही आपल्या कानाला ओळखीची आडनावं. मुलींची वेळ ४ मिनिटं ३४.८६१ सेकंद, म्हणजे सरासरी ताशी ३९ किलोमीटर! आपल्या गावातून मोटारसायकलही तेवढ्या वेगानं जात नाही. तेवढ्या वेळाला १४ पट धरून ५५ किलोच्या मुलीचा हिशेब केला तर साठेक कॅलरी होतात. तो वेग तक्त्याच्या बाहेरचा आहे म्हणून दुप्पट धरा, तरी एका भाकरीच्या आत. पदक कॅलरी जाळून मिळत नाही. त्या साडेचार मिनिटांमागे वर्षानुवर्षांचा सराव असतो, आणि तो सराव पेलायला पोटात अन्न लागतं.

जाता जाता एक. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येणाऱ्या बाईच्या मनगटाला कुणी घड्याळ बांधत नाही. त्याच पोषण संस्थेनं जड काम करणाऱ्या बाईला दिवसाला २७२० कॅलरी सांगितल्या आहेत. लावणीच्या दिवसांत सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं कालवण पुसून खाणाऱ्या बाईच्या पोटात तेवढ्या जातात का, याचाही हिशेब एकदा कागदावर मांडा.

तुमच्या घरी कुणी स्केटिंग करत असेल, तर ॲपमधलं वजन आधी बघा. मग एक दिवस सरावाला जाऊन चाकांवरची मिनिटं मोजा. येणारा आकडा ताटातून वजा करायचा नाही, डब्यात वाढवायचा. ४५ किलोच्या मुलीला एका सरावामागे दीड भाकरी, नाहीतर एक भाकरी आणि मूठभर शेंगदाणे. सरावानंतर लगेच काहीतरी पोटात जाऊ दे, घरी येऊन आंघोळ होईपर्यंत थांबू नका. पाळी तीन महिने चुकली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि मुलीला सर्वांसमोर काट्यावर उभं करत असतील, तर आईनं जाऊन बोलावं. मी बोलले. थोडी वाईट झाले, चालतं.

आमच्याकडे पाळी परत यायला पाच महिने लागले. आता ती अकरावीत आहे. दाण्याच्या कुटाचे आणि गुळाचे लाडू दोन तिचे आणि दोन मैत्रिणींचे असे डब्यात असतात, आणि परत येताना डबा मी उघडून बघते. फेरी आता १८ सेकंदांत होते. ॲप वडिलांच्या फोनवर अजून आहे. त्यात वजन आता त्यांचंच आहे, आणि सकाळी भुईकोट किल्ल्यापर्यंत चालून आले की ते स्वतःचा आकडा वाचून दाखवतात.