भट्टीच्या उलट

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की भिलईच्या सुपेल्यातल्या आई-बाबांपुढे प्रश्न उभा राहतो: शाळेच्या प्रदर्शनात पोरानं काय मांडायचं? उत्तर बहुधा ठरलेलं. मातीचा ज्वालामुखी, पोटात खायचा सोडा, वरून व्हिनेगर. फस्सकन फेस येतो आणि खेळ खलास. काही ठिकाणी अजून नारिंगी अमोनियम डायक्रोमेट पेटवतात. ठिणग्या देखण्या खऱ्या, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. तो प्रयोग आता मोडीतच काढावा.

त्यापेक्षा आपल्या पोलाद कारखान्याकडे बघा. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहराच्या खाणींतून येणाऱ्या लाल खनिजात लोखंड प्राणवायूला धरून बसलेलं असतं. कोकपासून होणारा कार्बन मोनॉक्साइड भट्टीत तो प्राणवायू हिसकावून घेतो आणि सुमारे दीड हजार अंशांवर लोखंडाचा रस वाहू लागतो. आपल्या मुलांनी याच्या नेमकं उलट करावं, तेही काडी न ओढता.

पॉलिशवाले वापरतात ते बारीक स्टील वूल हार्डवेअरच्या दुकानातून आणा. स्टेनलेसची घासणी नको, ती सहजी गंजत नाही. वूल दहा मिनिटं व्हिनेगरमध्ये भिजवा, चांगलं पिळा, काचेच्या उभट पेल्याच्या तळाशी दाबून बसवा आणि पेला रंगीत पाण्याच्या ताटलीत पालथा घाला. लोखंड गंजू लागतं, आतल्या हवेतला प्राणवायू संपवतं आणि पाणी आपसूक वर चढतं. घाई करू नका, काही तास जाऊ द्या. पाणी साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत येतं. हवेत प्राणवायू २१ टक्के, हे पुस्तकातलं वाक्य मग पट्टीनं मोजून बघता येतं. माझ्या मते दहा ज्वालामुखी यावरून ओवाळून टाकावेत.

झटपट गंमत हवीच असेल, तर हळदीचं पाणी लावून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्यानं नाव लिहा. अक्षरं लाल उमटतील, लिंबू पिळताच पुन्हा पिवळी होतील. सारं सामान सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात मिळेल.

पालकांना एक विनंती. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन सुटतो. आणि प्रयोग कुठलाही असो, डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी मोठं माणूस हवंच.