जुन्या ट्रॅक्टर-ट्रकला व्होल्टमीटर बसवा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



उजनीच्या पाण्यावर आपल्या सोलापूर जिल्ह्यात ऊस वाढला. गळीत हंगामात रात्री-अपरात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या व ट्रक रस्त्यावर असतात. त्यांतील जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर मध्ये शून्य आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे असा अॅमीटर असतो. भरलेल्या ट्रॉलीसह अंधारात दिवे गेले तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. त्याचे एक कारण या मीटरमागे दडलेले असते.

स्टार्टर सोडला तर गाडीचा जवळजवळ सर्व प्रवाह अॅमीटरमधून जातो. आपण डायनॅमोच्या जागी मोठा अल्टरनेटर बसवतो, जादा दिवे लावतो; मीटर मात्र तोच राहतो. हादऱ्यांनी त्याचे नट सैल होतात, जोड तापतो, वायरचे आवरण वितळते. ही वायर चावी बंद असतानाही पत्र्याला टेकली तर आग लागू शकते. मीटर आतून जळाला तर दिवे बंद पडतात.

व्होल्टमीटरमधून नाममात्र प्रवाह जातो. तो बिघडला तरी गाडी चालू राहते.

बदल करताना प्रथम बॅटरीची अर्थिंगची केबल काढावी. अॅमीटरच्या दोन्ही वायरी थिंबल लावून एकाच बोल्टवर घट्ट आवळाव्यात व जोड नीट झाकावा. वायर कडक किंवा काळी पडली असल्यास अल्टरनेटरला पुरेल अशी जाड नवी वायर टाकावी. व्होल्टमीटरचे एक टोक लहान फ्यूजमधून चावीनंतरच्या वायरला व दुसरे बॉडीला जोडावे. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक अर्थ केलेले असते, ते आधी पाहावे.

एक चूक मात्र टाळा. अॅमीटरच्या जागी, त्याच दोन वायरींना व्होल्टमीटर जोडू नका. प्रवाह अडतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

12 व्होल्टच्या गाडीत इंजिन काही तास बंद असताना 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. 12 च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 हवेत. 13 च्या वर काटा जात नसेल तर पट्टा व जोड तपासा. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. बॅटरीतील पाणी आटेल. 24 व्होल्टच्या गाडीला त्याच क्षमतेचा मीटर घ्यावा व हे आकडे दुप्पट धरावेत.

मोळी भरण्याआधी तेल-पाणी पाहता, तसा हा काटाही रोज पाहा.