मानवतचें भय

मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सेलू मागें टाकलें म्हणजे मानवत रोड नांवाचें एक स्थानक लागतें. गांव तेथून कांहीं अंतरावर आहे. भोंवतालीं काळी, कसदार जमीन. तींत कापूस आणि ज्वारी. गांवांत कापसाची बाजारपेठ, सरकी काढण्याचे कारखाने, आडते, हमाल, गाडीवान आणि आठवड्याचा बाजार. मराठवाड्यांतील अशा बाजारगांवांना धड खेडें म्हणतां येत नाहीं व धड शहरही म्हणतां येत नाहीं. तेथें नगरपालिका असते, शाळा असते, पोलीस ठाणें असतें. पण माणसें मात्र एकमेकांस घराण्यावरून, शेताच्या बांधावरून आणि आजोबांच्या नांवावरून ओळखतात. कोणाच्या घरीं पाहुणा उतरला, कोणाची म्हैस व्याली, कोणाचें लग्न ठरलें, हें दुसऱ्या दिवशीं सर्वांस ठाऊक असतें. शहरांतील मनुष्यास या घरोब्याचा हेवा वाटावा, असेंच हें जीवन.

अशा या मानवत गांवीं १४ नोव्हेंबर १९७२ पासून ४ जानेवारी १९७४ पर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांहूनही थोड्या कमी अवधींत, दहा खून झाले. मारल्या गेलेल्यांत बहुतेक लहान मुली व स्त्रिया होत्या. शेवटच्या प्रसंगीं तर एक आई व तिच्या दोन मुली अशा तिघी एकदमच बळी पडल्या. त्यांतील धाकटी अजून कडेवर बसण्याच्या वयाची होती. बळी पडलेल्यांत हिंदु होते, तसे मुसलमानही होते. भय कोणाच्या घरीं जातांना जात किंवा धर्म विचारीत नव्हतें.

तो काळही विसरतां येण्यासारखा नाहीं. १९७२ हें महाराष्ट्राच्या स्मरणांत दुष्काळाचें साल म्हणून कोरलें गेलें आहे. पाऊस गेला, विहिरी आटल्या, गुरें कवडीमोलानें विकलीं गेलीं, आणि जमिनीचे धनी असलेले शेतकरी सरकारी कामावर खडी फोडावयास बसले. त्याच वर्षीं १८ मे रोजीं परभणी येथें मराठवाडा कृषि विद्यापीठाची स्थापना झाली होती. एकाच जिल्ह्यांत एकीकडे बियाणें, खतें व माती यांचा शास्त्रीय अभ्यास सुरूं होत होता, आणि दुसरीकडे पिंपळाखालीं रक्त सांडून भाग्य उजळतें अशी कल्पना कोणाच्या तरी मनांत घर करीत होती. शास्त्राचा दिवा लागला म्हणजे अंधार आपोआप नाहींसा होतो, असें मानणाऱ्यांनीं हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. दिवा एका दालनांत लागतो. शेजारच्या दालनांतील अंधार तसाच राहूं शकतो.

शेतीवर जगणाऱ्या गांवांत मुलीचें बालपण चार भिंतींच्या आंत जात नाहीं. शेण गोळा करणें, सरपण आणणें, शेळ्या राखणें, बापाची भाकरी शेतावर पोंचविणें, कापूस फुटला म्हणजे आईबरोबर वेचणीस जाणें, हीं तिचीं कामें. आठदहा वर्षांची मुलगी डोक्यावर पाटी घेऊन एकटी शेताची वाट चालते, ती कोणाच्या भरंवशावर? गांवाच्या. वाटेवर भेटणारा प्रत्येक इसम तिचा कोणी काका असतो, कोणी मामा असतो. या भरंवशावरच शेतकऱ्याच्या घरचा संसार चालतो. मानवतच्या खुन्यांनीं प्रथम वार केला तो या भरंवशावर. मुलगी घरीं ठेवावी, तर दुष्काळांत चुलीला सरपण कोठून आणावें? आणि बाहेर पाठवावी, तर ती परत येईल याची शाश्वती काय? हा प्रश्न ज्या आईपुढें दररोज सकाळीं उभा राहत असेल, तिच्या मनाची अवस्था शब्दांनीं सांगण्याची गरज नाहीं.

संकट आलें म्हणजे गांव प्रथम परक्याकडे बोट दाखवितें. भिक्षेकरी, फिरस्ता, रात्रीच्या गाडीनें उतरलेला अनोळखी मनुष्य यांच्यावर संशय जातो. तो स्वाभाविक आहे, आणि सोयीचाही आहे. कारण खुनी बाहेरचा असला म्हणजे गांव निर्दोष राहतें. पण एकामागून एक खून त्याच शिवारांत होऊं लागले, तेव्हां ही समजूत टिकणें शक्य नव्हतें. शिवारांतील निर्जन जागा कोणत्या, कोणतें मूल कोणत्या वेळीं एकटें असतें, हें जाणणारा हात परक्याचा असूं शकत नाहीं. ज्या ओळखीमुळें गांव सुखी होतें, तीच ओळख आतां शस्त्र झाली होती.

तपासाच्या कामीं मुंबईच्या गुन्हे अन्वेषणांतील नांवाजलेले अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांस पाचारण करण्यांत आलें. पुढें महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झालेल्या या अधिकाऱ्याचें नांव १९६८ सालीं रामन राघव याच्या अटकेमुळें सर्वांच्या तोंडीं झालेलें होतें. मुंबईच्या उपनगरांत रात्रीच्या वेळीं रस्त्याच्या कडेला व झोंपड्यांत निजलेल्या लोकांस ठार मारणारा हा मनुष्य. त्याला फांशीची शिक्षा झाली. पण तो मनोरुग्ण असल्याचें निष्पन्न झाल्यामुळें ती पुढें जन्मठेपेंत बदलण्यांत आली. या दोन प्रकरणांतील अंतर मोठें आहे. मुंबईंत मारणारा मनुष्य मरणाऱ्यांस ओळखत नव्हता. लाखोंच्या गर्दींत तो हरवलेला होता, आणि त्याच्या कृत्यास व्याधीखेरीज हेतु नव्हता. मानवतला गर्दी नव्हती. तेथें सर्व जण एकमेकांस ओळखत होते, आणि कृत्यामागें हेतु होता. शहरांत पोलिसांना माणूस शोधावा लागला. गांवांत मौन फोडावें लागलें. दुसरें काम पहिल्याहून सोपें असतें, असें कोणी समजूं नये. लहान गांवांत कोणी कोणाचा ऋणको असतो, कोणी कोणाच्या शेतावर राबतो, कोणी कोणाच्या शब्दाबाहेर नसतो. अशा ठिकाणीं साक्ष देणें म्हणजे उद्यांची भाकरी पणास लावणें.

तपासांतून जो हेतु पुढें आला, तो ऐकून सारा महाराष्ट्र सुन्न झाला. सरकारपक्षाचें म्हणणें असें होतें कीं, अपत्यप्राप्ति व्हावी आणि जमिनींत पुरलेलें गुप्तधन हातीं लागावें, यासाठीं पिंपळावरील मुंजास संतुष्ट करण्याच्या हेतूनें हे बळी देण्यांत आले. पैशानें, वजनानें वा धाकानें माणसें मिळविलीं गेलीं, आणि त्यांच्या हातून हीं कृत्यें घडविण्यांत आलीं, असा आरोप ठेवण्यांत आला.

मुंजा ही कल्पना महाराष्ट्रांतील घरांस नवी नाहीं. मुंज झाल्यावर लग्नापूर्वींच मरण पावलेल्या मुलाचें भूत पिंपळावर राहतें, ही समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. गोष्टींतला मुंजा बहुधा खोडकर असतो; तो मुलांस भिववितो आणि कोणी भलें असल्यास त्यास मदतही करतो. ज्या भुताची आजी नातवंडांस गंमतीनें गोष्ट सांगते, त्याच्याच नांवानें कोणी लहान मुलीचा गळा कापण्यास सिद्ध व्हावें, यांत दोष गोष्टीचा नाहीं. गोष्टीस लोभाची व अगतिकतेची जोड मिळाली म्हणजे काय होतें, त्याचें हें उदाहरण आहे.

गुप्तधनाची समजूतही अशीच. तिला एके काळीं आधार होता. पेढ्या दूर, राज्यें अस्थिर, वाटेवर लुटारूंचें भय. तेव्हां लोक नाणीं मडक्यांत घालून घरांत पुरून ठेवीत, आणि कधीं कधीं तें ठिकाण कोणास न सांगतांच मरून जात. नांगराच्या फाळास असें एखादें मडकें लागतेंही. पण तें कष्टानें किंवा योगायोगानें सांपडतें. रक्तानें सांपडल्याचें उदाहरण नाहीं. अशा धनाची व्यवस्था १८७८ च्या कायद्यानें लावून दिलेली आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचें धन सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी वर्दी द्यावी, असें तो कायदा शोधणाऱ्यास सांगतो. त्यांत मुंजास स्थान नाहीं.

आणि अपत्याची इच्छा? ती तर सर्वांत स्वाभाविक. परंतु ज्या समाजांत मूल नसलेल्या स्त्रीस ओटी भरण्यास बोलावीत नाहींत, बारशाच्या घरीं मागें बसवितात, तो समाजच तिच्या मनांत मांत्रिकास जागा करून देतो. दुसऱ्याचें मूल मारण्यास यानें कोणतेंही निमित्त मिळत नाहीं. तथापि मांत्रिकाचें दुकान कोणाच्या गिऱ्हाइकीवर चालतें, हें समजल्याशिवाय तें बंदही होणार नाहीं.

खटला परभणीच्या सत्र न्यायालयांत चालला, तेथून उच्च न्यायालयांत आणि शेवटीं सर्वोच्च न्यायालयांत गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९ एप्रिल १९७७ रोजीं लागला. न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीं लिहिलेला हा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. त्याचें कारण गुन्ह्याचें क्रौर्य हें नव्हे. गुन्हा कितीही क्रूर असला तरी पुराव्याची कसोटी सैल होतां कामा नये, हें त्यांत दिसतें, म्हणून तो अभ्यासला जातो.

या खटल्यांत दोघे आरोपी माफीचे साक्षीदार झाले होते. स्वतः गुन्ह्यांत भागीदार असलेला मनुष्य शिक्षेंतून सूट मिळावी म्हणून दुसऱ्याविरुद्ध बोलतो. त्याच्या शब्दास किती मोल द्यावें? त्या वेळीं अमलांत असलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें या प्रश्नास दोन उत्तरें दिलेलीं होतीं. अशा साक्षीवर शिक्षा देणें बेकायदेशीर नाहीं, असें एक कलम म्हणतें. महत्त्वाच्या बाबतींत इतर पुराव्याचा दुजोरा मिळेपर्यंत असा साक्षीदार विश्वासास पात्र नाहीं असें न्यायालयानें धरून चालावें, असें दुसरें सुचवितें. न्यायालयानें या दोहोंचा मेळ घातला. दुजोरा हवा, आणि तोही नुसता गुन्हा घडला एवढ्यापुरता नव्हे. ज्याच्यावर आरोप आहे त्या प्रत्येकास गुन्ह्याशीं जोडणारा हवा. शिक्षा ठोठावण्यापूर्वीं शिक्षेसंबंधीं आरोपीचें म्हणणें ऐकलें पाहिजे, या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंतील नव्या तरतुदीचें महत्त्वही याच निकालांत सांगितलें गेलें.

परिणाम असा झाला कीं, ज्यांच्याविरुद्ध भक्कम दुजोरा मिळाला त्यांतील कांहींच्या शिक्षा कायम राहिल्या. परंतु कटाचे सूत्रधार म्हणून ज्यांच्यावर मुख्य आरोप होता, तीं माणसें पुराव्याअभावीं अखेर निर्दोष सुटलीं.

हें ऐकून कित्येकांचें मन खवळेल. ज्यांचीं मुलें गेलीं, त्यांस न्यायशास्त्राचें सूत्र काय समाधान देणार? त्यांचें दुःख खरें आहे, आणि त्यापुढें युक्तिवाद करणें अनुचित ठरेल. परंतु इतरांनीं एक विचार करून पाहावा. मानवतला जें घडलें त्याच्या मुळाशीं काय होतें? पुराव्यावांचून विश्वास. मुंजा रक्त मागतो, धन जमिनींत आहे, बळी दिला कीं तें वर येतें, या गोष्टी कोणीं तरी सांगितल्या आणि कोणीं तरी त्या कसोटीस न लावतां खऱ्या मानल्या. त्या पापाचा निवाडा करतांना न्यायालयानेंही ऐकीव गोष्ट खरी मानली असती, तर रोग आणि औषध यांत भेद राहिला नसता. पुराव्यावांचून कोणासही दोषी मानावयाचें नाहीं, हा न्यायालयाचा आग्रह आणि पुराव्यावांचून कोणतीही सिद्धि मानावयाची नाहीं, हा विवेकाचा आग्रह, हे दोन्ही एकाच झाडाच्या फांद्या आहेत.

कायद्यानें पुढचें पाऊल टाकण्यास मात्र फार वर्षें लागलीं. जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून महाराष्ट्रांत दीर्घकाळ चळवळ चालली. त्या चळवळीचे अग्रणी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला, आणि डिसेंबर २०१३ मध्यें विधिमंडळानें कायदा संमत केला. गुप्तधनाच्या शोधासाठीं अघोरी कृत्यें करणें, त्यांस उत्तेजन देणें हा या कायद्यान्वये स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितलेली आहे. खुनास शिक्षा पूर्वींही होती. नवें आहे तें हें कीं, खुनाच्या कितीतरी आधीं, पूजा मांडली जात असतांना, कायद्यास आंत येतां येतें.

पण येण्यासाठीं कायद्यास कोणीं तरी बोलवावें लागतें. पूजा मांडली जात आहे हें पोलिसांस कळण्यापूर्वीं शेजाऱ्यास कळतें. शेजारीण पाहते, गडी ऐकतो, दुकानदारास सामानाच्या यादीवरून शंका येते. एकमेकांस ओळखणाऱ्या गांवाचें बळ तें हेंच. आणि मोठ्याचें घर आहे, आपल्यास काय करावयाचें, असें म्हणून जें गांव डोळे मिटतें, त्याचा दुबळेपणाही तोच. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं हा दोष खेड्याच्या माथीं मारून मोकळें होऊं नये. मूल व्हावें म्हणून, खटला जिंकावा म्हणून, व्यापार चालावा म्हणून गंडे बांधणारे हात शहरांतही पुष्कळ आहेत.

मानवतचें नांव त्या खुनांशीं जोडलें गेलें तें कायमचें. पुढें त्यावर पुस्तकांत प्रकरणें आलीं, आणि २०२४ सालीं चित्रमालिकाही निघाली. गांव मात्र आपलें काम करीत राहिलें. कापूस फुटतो, गाड्या बाजारांत येतात, मुली शाळेस जातात. शेताच्या वाटेनें एकटी चाललेली मुलगी संध्याकाळीं घरीं परत येते, यांत कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं. तें तसें वाटूं नये, एवढ्यासाठींच मानवतची ती चौदा महिन्यांची हकीकत स्मरणांत ठेवावयाची.