गिळलेलं बी वाच



१९९९ च्या जून महिन्यात आमच्या गावात पावसाइतकीच पोस्टमनची वाट पाहिली जात होती. गाव कृष्णाकाठचं. सातबारा सांगली जिल्ह्याचा, पण सोयरीक आणि बाजारहाट निम्मा सातारकडचा. या दोन्ही जिल्ह्यांत फौजेत माणूस नाही असं गाव हुडकावं लागतं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलेलं आहे. आमच्या गावची त्या वेळी चार पोरं सरहद्दीवर होती. त्यातला एक माझा पहिलीपासूनचा दोस्त. तो तोफखान्यात, बोफोर्स तोफेवर. त्याचं नाव मी सांगत नाही, त्याला आवडायचं नाही.

त्याच्या आईला वाचता येत नसे. पत्र आलं की काकी ते पदराखाली धरून आमच्या ओट्यावर येत. मी बी.ए. झालेला आणि कविता करणारा, म्हणजे गावाच्या हिशेबी रिकामटेकडाच. तेव्हा वाचायचं काम माझ्याकडं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गावाचं नाव नसायचं, नुसतं ‘द्वारा ५६ एपीओ’. काकी विचारत, “ही छप्पन कुठं आलं रं?” मी उत्तरेकडं हात करायचो.

पत्रातला मजकूर ठरलेला. मी खुशाल आहे. थंडी आहे. जेवण बरं आहे. इथले डोंगर आपल्या सागरेश्वराच्या डोंगरासारखे दिसतात, पण गवताची काडी नाही. त्या साली ज्येष्ठ अधिक आला होता. धोंड्याच्या महिन्यात बहिणीला आणि दाजींना बोलावलं का, हेही तो न विसरता विचारायचा.

मधलं सारं मला पुढं कळलं, तो सुट्टीवर आल्यावर. आपण सिनेमात बघतो ती तोफ एक माणूस दोरी ओढून उडवतो. खरी तोफ हा सात-आठ जणांचा संसार असतो. त्यातला कारभारी एक हवालदार, त्याला ‘नंबर वन’ म्हणायचं. एक जण दिशा लावतो, कुणी गोळा भरतो, कुणी त्यामागचं दारूचं पुडकं. उरलेले गोळे वाहून आणतात. बोफोर्सचा एक गोळा त्रेचाळीस किलोच्या आसपास. माझा दोस्त भरतीआधी एक हंगाम साखर कारखान्याच्या गोदामात पोती उचलायला होता. तो म्हणाला, “वजनाचं काही वाटलं नाही. पण तिथं दहा पावलं टाकली की छाती भरायची.” द्रास समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांवर आहे. माणसाला तिथं श्वास पुरत नाही आणि गोळा मात्र विरळ हवेत लांब पळतो. म्हणून खालच्या मुलखातले अंतराचे तक्ते तिथं जसेच्या तसे चालत नव्हते, हिशेब नव्याने मांडावा लागे.

तोफेजवळच्या माणसाला बहुतेक वेळा आपला गोळा कुठं पडला ते दिसतच नाही. वर डोंगरात पायदळाबरोबर तोफखान्याचाच एक अधिकारी वायरलेस घेऊन बसलेला असतो. तो सांगणार, उजवीकडं घ्या, पुढं टाका. खाली ते आकडे लावायचे. आंधळ्याने डोळसाच्या खांद्यावर हात ठेवून चालावं तसा हा प्रकार. पण टायगर हिलच्या वेळी काही तोफा समोर शिखर दिसेल अशा लावल्या होत्या. ४ जुलैला ते शिखर आपल्या हाती आलं. त्या एका दिवसात सुमारे ९,००० गोळे सुटले म्हणतात. साऱ्या लढाईत आपल्या तोफखान्याने डागलेले गोळे, बॉम्ब आणि अग्निबाण मिळून आकडा अडीच लाखांच्या वर जातो. दोस्ताला हा आकडा सांगितला तर म्हणाला, “आम्ही मोजत नव्हतो. रिकामी खोकी मोजत होतो. जेवढी खोकी जास्त तेवढं निजायला बरं.”

झोप म्हणजे त्या खोक्यांवर पाठ टेकायची. बूट काढायचे नाहीत. पुऱ्या आणि शंकरपाळे खिशात. रात्री उजेड नाही, विडीसुद्धा ओंजळीत. चहा मात्र कसाही करून व्हायचा. कानात कापूस, आणि गोळा सुटताना तोंड उघडं ठेवायचं. नळीवरचा रंग तापून पापुद्र्यासारखा निघायचा. पलीकडून उलटा मारा सुरू झाला की खंदकात, थांबला की परत तोफेवर.

थोडं विषयांतर करतो. तोफ हा शब्द मूळचा तुर्की. गोलंदाज फारसी. क्रिकेटच्या आधी गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. माझ्या आजोळचं आडनाव गोलंदाज आहे, आणि आमच्या भागात ही घरं बरीच आहेत. आपल्या सैन्याच्या तोफखान्याचं ब्रीद आहे ‘सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल’. पहिला शब्द संस्कृत, पुढचे फारसी वळणाचे. कुणाला हे खटकलं असेल तर मला माहीत नाही. मला ते ऐकायला फार गोड वाटतं.

तर पत्राकडं येतो. जुलै लागला होता. या वेळी अंतर्देशीय नव्हतं, पाकीट होतं. आत दोन कागद. पहिला मी मोठ्यानं वाचला, खुशाली, थंडी, जेवण. दुसऱ्यावर वरतीच लिहिलं होतं, ‘हे आईला वाचून दाखवू नकोस.’ मी तो मनात वाचला. शेजारच्या तोफेजवळ गोळा पडला होता. त्यांच्यासाठी रोज चहा करणारा, नुकताच पलटणीत आलेला पोरगा जागच्या जागी गेला. दोस्ताच्या उजव्या कानात तेव्हापासून नुसती शिट्टी वाजत होती.

मी कागद घडी घातला आणि म्हणालो, “काकी, मला लिवलंय. कवितेबद्दल इचारलंय.”

काकी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “वाचलंस त्ये ऐकलं. आता गिळलेलं बी वाच.”

मी वाचलं. दोस्ताचा शब्द मोडला. आजही ठरवता येत नाही की ते बरोबर केलं की चूक. काकी रडल्या नाहीत. कानाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, “त्या पोराला आई हाय का रं?” मला माहीत नव्हतं. “मग लिव,” म्हणाल्या, “तिचा पत्ता धाड म्हनावं.” मी लिहिलं. त्याचं उत्तर पुढच्या कुठल्याच पत्रात आलं नाही, आणि काकींनी परत कधी विचारलं नाही. आता त्या नाहीत.

दोस्त हवालदार होऊन निवृत्त झाला. ऊस लावतो. मी त्याच्या डाव्या बाजूला बसतो, उजव्या कानाला अजून नीट ऐकू येत नाही. २०२२ मध्ये द्रासजवळच्या ५१४० या शिखराला तोफखान्याच्या मानार्थ ‘गन हिल’ नाव दिलं, ती बातमी मी त्याला ओरडूनच वाचून दाखवली. त्यानं मान हलवली आणि मोटर चालू करायला गेला.

हे भाषण ध्वनिमुद्रणाआधी त्याला वाचायला दिलं. मी एके ठिकाणी ‘शत्रूच्या उरात धडकी भरवणारा आवाज’ असं लिहिलं होतं. त्यानं पेन्सिलीनं खोडलं. म्हणाला, “आवाज पहिला आमच्याच कानात जायचा.” मग चष्मा काढून जरा वेळ बसला.

“त्या पोराचं नाव घालू नको,” म्हणाला. “पण चहात साखर लई घालायचा. एवढं घाल.”