खेळाडूचे ध्येय आणि गुरूची महत्त्वाकांक्षा



चंद्रपूर-गडचिरोलीच्या मैदानांवर पहाटे धावणारी कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करीत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. प्रशिक्षकाला मात्र एखादीच्या पावलात राज्य पातळीचे पदक दिसते. घरची माणसे म्हणतात, आधी नोकरी. मग सर म्हणतात, हिला जिद्द नाही. मुलगी म्हणते, सरांना माझी परिस्थिती कळत नाही. आणि एक दिवस ती मैदानच सोडते.

मोठे स्वप्न दाखविणे ही चूक नव्हे. मे २०१८ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. कोणीतरी त्यांना ते शिखर दाखविले होते. प्रश्न एवढाच, की स्वप्न कोणाच्या हितासाठी?

अस्पृश्य समाजातील थोर क्रिकेटपटू बाळू पालवणकर पुण्यात इंग्रजांच्या क्लबात साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करीत. त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. साहेबांना स्वतःचा खेळ सुधारायचा होता, बाळूंना घडवायचे नव्हते. तरीही १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले.

शिष्याची घाई गुरूपेक्षा मोठी असेल तर? सोण भिक्खू चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ होईपर्यंत झटला आणि निराश झाला. तथागतांनी त्याला त्याच्या ओळखीच्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही.

म्हणून हंगामाच्या आरंभीच प्रशिक्षक, खेळाडू आणि पालकांनी एकत्र बसावे. काय साधायचे, किती वर्षे द्यायची, हे लिहून ठेवावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक स्पर्धांतील प्रावीण्य लागते. पदक आणि नोकरी या वाटा नेहमीच वेगळ्या नसतात, हे प्रशिक्षकाने समजावून सांगावे. एवढे ऐकूनही मुलगी म्हणाली, मला भरतीच हवी, तर त्या ध्येयाचाही मान राखावा. आणि मुलाची झेप आपल्या विद्येपलीकडची असेल, तर त्याला अधिक जाणत्या गुरूकडे स्वतः नेऊन सोडावे.

शिष्य स्वयंदीप व्हावा, यापेक्षा मोठी महत्त्वाकांक्षा गुरूने धरू नये.