बाहरोटच्या गुहांत सरपण कोणी नेलं?

(मेळाव्यात छायाचित्रं दाखवताना केलेलं भाषण)



फोटो बघायला या, असं सांगून तुम्हाला बोलावलं आणि आता मी बोलतच बसणार आहे. सांभाळून घ्या.

हा डहाणू तालुक्यातला बारड डोंगर. घोलवडला गाडीतून उतरायचं, चिकूच्या वाड्यांमधून आसवली गाठायची आणि मग चढायला लागायचं. वर खडकात खोदलेल्या बाहरोटच्या गुहा आहेत. पारशी समाजाला ही जागा पवित्र आहे. संजाणवर सुलतानाचं सैन्य चालून आलं तेव्हा आपला पवित्र अग्नी, इराणशाह, घेऊन ते लोक इथे लपले आणि बारा वर्षं राहिले, असं परंपरा सांगते. पुढे तो अग्नी वांसद्याला, मग नवसारीला गेला. १७४२ पासून तो उदवाड्याला आहे.

बारा वर्षं अग्नी विझू द्यायचा नाही! आपल्यापैकी जिने चूल फुंकली आहे तिला कळेल. या भागातला पाऊस, ओलं लाकूड, गुहेत कोंडलेला धूर. अग्नीची सेवा धर्मगुरू करत, म्हणजे पुरुष. पण लाकूड वेचणं, वाळवणं, पाणी वर आणणं, इतक्या माणसांचं रांधणं?

ही कथा ‘किस्सा-ए-संजान’ या फारसी काव्यात आहे. १५९९ साली बहमन कैकोबाद या धर्मगुरूने ते लिहिलं. त्यात लढाई आहे, वीर आहेत, अग्नी आहे. सरपण नाही. बायका येतात त्या एका अटीत. आश्रय देताना राजा जादी राणाने घातलेल्या अटींपैकी एक अशी, की तुमच्या बायकांनी इथल्यासारखे कपडे घालावेत. पदर कसा घ्यायचा ते लिहून ठेवलं, मोळीचं नाही!

हे सगळं मला घरी पुस्तकं वाचून सुचलं असं समजू नका. सुचवलं एका वारली बाईने. ती आम्हाला वाट दाखवायला आली होती, उतरताना मोळी नेणार होती. मी तासभर गुहेचे खांब, कोनाडे, काळवंडलेलं छत टिपत होते. ती म्हणाली, “बाय, दगडाचं किती काढशील? इथं राहिली ती माणसं जळण कुठनं आणत?” इकडची माणसं सगळ्यांना ‘तू’च म्हणतात, कानाला गोड लागतं.

तिच्या प्रश्नाला तिथे इतिहास आहे. याच टापूत, तलासरीकडच्या झरी गावी, १९४५ साली वारल्यांची मोठी सभा झाली आणि मालकाकडे वेठ करायची नाही असं ठरलं. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते सारं आहे. फुकट राबणं म्हणजे काय, हे तिथल्या बायकांना कोणी शिकवायला नको.

उतरताना तिने मोळी डोक्यावर घेतली. मागे ऊन, पुढे दरी. मी कॅमेरा उचलला. ती थांबली. “मोळीचा नको. कुठं दाखवशील, कोण बघेल, मग विचारतील लाकूड कुठलं.” मी कॅमेरा खाली केला, पण खरं सांगते, हळहळ वाटली. असाच एक फोटो मी पूर्वी एका प्रदर्शनात लावला होता. खाली लिहिलं होतं ‘वारली स्त्री, डहाणू’. लोकांनी वाहवा केली. त्या बाईला विचारलं होतं का? नाही. नाव? तेही नाही. तो फोटो मी आता काढून टाकला आहे.

मग तिनेच सुचवलं. मोळी झाडामागे ठेवली, गुहेच्या तोंडाशी परत आली, पाय पसरून बसली, केस नीट केले आणि म्हणाली, “आता काढ.” तो हा फोटो. नाव मी विचारलं, तिने सांगितलंही. पण सभेत सांगू नको म्हणाली, म्हणून सांगत नाही. फोटो दाखवायला मात्र तिची हरकत नव्हती.

तिला मोठी प्रत हवी आहे, घरात लावायला. पुढच्या महिन्यात मी आसवलीला ती घेऊन जाते आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी मला सांगा. चढ अवघड आहे, चपला घालून येऊ नका.