सिंधुदुर्गाची शिरगणती

सिंधुदुर्ग हा २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातला सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा. १ मे १९८१ रोजी तो रत्नागिरीपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, तालुके आठ, माणसं ८ लाख ४९ हजार ६५१. यांतली काहीशे माणसं मी स्वतः मोजलेली आहेत. शिक्षक असल्यामुळे २००१ आणि २०११ या दोन्ही वेळी कणकवली तालुक्यातल्या एका गावात मी प्रगणक होतो.

आमच्या पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र. आंबोलीचा पाऊस सर्वांनाच ठाऊक आहे. पण डोंगरउतार तीव्र, समुद्र जवळ आणि पायाखाली सच्छिद्र जांभा, त्यामुळे पाणी थांबत नाही. उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसतात. भाताचं एक पीक, पाणी असेल तिथं वायंगण, आणि भावाभावांत वाटण्या होऊन कुणगे एवढे लहान की जोत वळवणं कठीण. आंबा-काजूच्या बागा सगळ्यांच्याच असतात, हा मुंबईकरांचा समज.

इतिहास म्हटला की आपण मालवणच्या जलदुर्गाकडे बोट दाखवतो. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, तेही मी वर्गात शिकवलं. पण घराघरांतला इतिहास गिरणीचा. मालवण-वेंगुर्ल्याहून पुरुष बोटीनं मुंबईला गेले, गिरणगावातल्या खोल्यांत दाटीवाटीनं राहिले, मनीऑर्डरी पाठवत राहिले. शेत, गुरं, म्हातारी माणसं बायकांनी सांभाळली. १९८२ च्या संपानंतर काही चाकरमानी परतले, पण त्यांची मुलं पुन्हा गेलीच.

म्हणूनच २००१ मध्ये इथं हजार पुरुषांमागे १०७९ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये त्या १०३६ झाल्या. कुणाला वाटेल, पुरुष परत आले. तसं नाही. पुरुष दोन्ही वेळा ४ लाख १७ हजारांच्या घरातच होते. जिल्ह्याची लोकसंख्या १९ हजारांनी घटली, ती जवळजवळ सगळी बायकांची! एवढी वर्षं ज्यांनी गाव धरून ठेवलं, त्याच आता निघाल्या होत्या.

२००१ मध्ये एका काकींच्या खळ्यात बसून मी अर्ज भरला. सासू, त्या आणि दोन मुली. "मास्तरानू, मोजूक माणसां खंय आसत?" म्हणून हसल्या होत्या. २०११ मध्ये दाराला कुलूप होतं. सासू वारल्या, मुली लग्न होऊन गेल्या, आणि काकी डोंबिवलीला मुलाकडे, नातवाला सांभाळायला. त्या तिथंच मोजल्या गेल्या असणार. चतुर्थीला मात्र आल्या, घर सारवलं, माटवी बांधून घेतली. त्या दिवसांत गावात मोटार उभी करायला जागा नव्हती. गणना फेब्रुवारीत होते, शिमग्याच्याही आधी, तेव्हा हे काहीच कागदावर येत नाही.

२०२१ ची गणना करोनामुळे लांबली. आताच्या गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. मी निवृत्त झालो आहे. गावात जो नवा प्रगणक येईल, त्याच्याबरोबर वाड्या फिरायचं मी ठरवलं आहे. कुलूप दिसलं की मुंबईला गेले, असं लिहून तो पुढे जाईल. एखादी म्हातारी नुसतीच पाण्याला गेलेली असते.